मुकादम सर, तुमचं पत्र मी बदललं होतं

इशान आणि मीरा,

हे पाठवते आहे तुम्हाला, पण बोलणार आहे मुकादम सरांशी. सर मागच्या आठवड्यात, शुक्रवारी गेले. मीरा, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. इशान, तू पाहिलं आहेस. सात वर्षांचा असताना मे महिन्यात तू कर्जतला आला होतास. तेव्हा रोज सकाळी भिसेगावच्या आपल्या घरी येऊन जे तुला शाळेच्या मैदानावर घेऊन जायचे आणि डाव्या पायाने चेंडू मारायला शिकवायचे, ते सर. तू त्यांना 'शिट्टीवाले आजोबा' म्हणायचास.

इशान, आठवडा झाला, तू माझा फोन घेत नाहीस. तू माझ्याकडून वचन घेऊन एक गोष्ट सांगितलीस आणि ती मी तुझ्या बाबांना सांगून टाकली. तुझा राग मला मान्य आहे. मी असं का केलं ते फोनवर सांगता येणार नाही, कारण त्याची सुरुवात नऊ वर्षांपूर्वी झाली आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती सरांना सांगायची राहून गेली. तेव्हा त्यांनाच सांगते, तू ऐक. मराठी वाचताना अडलं तर बाबांना विचार. मीराला विचारू नकोस, ती अजून जोडाक्षरांपाशी थांबते.

इथून पुढे 'तुम्ही' म्हणजे सर.

मुकादम सर,

तुम्ही गेल्याचं कळल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती तुमची येरझार. माझ्या, मुख्याध्यापिकेच्या खोलीत मी टेबलापाशी कागद घेऊन बसलेली, आणि तुम्ही दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. हातात शिट्टी. "लिवा बाई," म्हणायचे आणि सुरू व्हायचे. तुम्ही मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायची. स्पर्धेची परवानगी, प्रवासाची सवलत, डॉक्टरांना चिठ्ठी, पुढे पुढे मोठ्या क्लबांना पत्रं. खाली तुम्ही न वाचता सही करायचे, 'या. मुकादम'. एकदा मी म्हटलं, निदान नजर तरी टाका. तर म्हणालात, "तुमी लिवलंय ना? मग वाचायचं काय?"

आणि मी तुमची वाक्यं बदलत होते, अगदी पहिल्यापासून. तुम्ही म्हणायचे, "त्या हलकटाला सांगा, गाडी टायमावर धाड, नायतर माझी पोरं चालत येतील नि तुझ्या दारात झोपतील." मी लिहायची, गाडी वेळेवर मिळाल्यास आम्ही आभारी राहू. गाडी वेळेवर यायची. तुम्हाला वाटायचं तुमच्या दमाने आली, मला वाटायचं माझ्या इंग्रजीने. हा किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत तुमच्या पाठीमागे रंगवून सांगितलेला आहे. सगळे हसायचे. मीही.

नितीन खालापूरकडच्या एका वाडीतून यायचा. वडील कारखान्याच्या गेटवर वॉचमन. पोरगा पाचवीत आला तेव्हा इतका किडकिडीत होता, की तुम्ही त्याला आधी महिनाभर शेंगदाणे-गूळ खायला घातलात आणि मग चेंडूला हात लावू दिलात. अठराव्या वर्षी टीव्हीवर दिसणाऱ्या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबाने त्याला घेतलं. त्याआधी खेळाडूंचे सौदे करणारा एक एजंट आला होता, पांढऱ्या गाडीतून. डिकीत सगळ्या पोरांसाठी नवे बूट. पोरं तुटून पडली. तुम्ही खोकी परत डिकीत भरायला लावलीत. मला तुमचा राग आला. मैदानाच्या पायऱ्यांवर आपलं वाजलं.

"बाई, फुकट बूट देनारा माणूस पाय मोजायला आलाय."

"सर, तुम्हाला सगळेच चोर दिसतात."

"सगळे नाय. हा दिसतोय."

मग मी तुम्हाला तुमच्याच गोष्टीवरून टोचलं. तरुणपणी तुम्ही मुंबईत एका गिरणीच्या संघातून खेळायचात. दुसऱ्या कंपनीने कायमची नोकरी आणि राहायला खोली देऊ केली होती. तुम्ही गेला नाहीत. पुढे गिरणी बंद पडली, संघ मोडला, आणि तुम्ही आमच्याकडे पी.टी.चे शिक्षक होऊन आलात. मी विचारलं, ती निष्ठा तुमच्या काय कामाला आली?

"मी मैदानात आडवा झालो तवा आमच्या कप्तानानं मला पाठीवर उचलून भायेर नेला व्हता. त्या दुसऱ्या कंपनीवाल्याचं मला नाव पन आठवत नाय." आणि मग हसून, "शिवाय मी तिकडं गेलो असतो तर तुमाला भांडायला कोन गावलं असतं?"

हा वाद आपण पुढे कितीतरी वेळा घातला. मी म्हणायची, आता काळ वेगळा आहे, क्लब म्हणजे धंदा, खेळाडू आज इथे उद्या तिथे, त्यात वाईट काय? तुम्ही म्हणायचे, पोरानं कुठंबी जावं, पन पडल्यावर उचलनारा कोन ते आधी बघावं. मी म्हणायची, करार नीट असला की पुरे. तुम्ही म्हणायचे, कागद उचलायला येतो का? तो वाद अर्धाच राहिला आहे.

नितीनच्या दुसऱ्या मोसमात त्याचा तुम्हाला फोन आला. गुडघा सुजतो, मॅचच्या आधी सुई मारतात, मग खेळवतात. एजंट त्याला अजून मोठ्या क्लबाला विकायच्या खटपटीत होता. सौदा ठरेपर्यंत पोरगा मैदानावर दिसायला हवा होता. तुम्ही दुपारच्या सुट्टीत माझ्या खोलीत आलात. त्या दिवशी शिट्टी हातात नव्हती.

"लिवा. पोरगा जनावर नाय. सुई टोचून त्याला बाजारात उभा करू नका. ह्या शनिवारी त्याला उतरवला तर मी येऊन मधल्या रेषेवर बसेन, पोलीस बोलवा नायतर मिल्ट्री. आनि त्या दलालाला सांगा, ह्या पोराच्या पायावर तुझा बंगला नाय बांधायचा."

मी क्लबाला लिहिलं, की नितीनच्या गुडघ्यास काही त्रास होत असल्याचे समजून शाळेला काळजी वाटते. आपले वैद्यकीय पथक योग्य तो निर्णय घेईल याचा पूर्ण विश्वास आहे. त्याच्या आदरणीय प्रतिनिधींना आमचे नमस्कार. आणि शेवटी, तुम्ही न सांगितलेलं एक वाक्य मी घातलं. आमच्या शाळेत होऊ घातलेल्या प्रशिक्षण केंद्राची आम्ही उत्सुकतेने वाट पाहत आहोत.

तुम्ही सही केलीत.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तो माझा स्वभाव. मला कडक लिहिता येत नाही, आमच्या शिक्षणात तसं बसत नव्हतं. हे खोटं आहे, सर. कडक लिहिता येत होतं. त्या महिन्यात क्लबाची माणसं टेप घेऊन मैदान मोजून गेली होती. हिरवळ करून देणार होते, केंद्र उघडणार होते. मी काही महिन्यांत निवृत्त होणार होते. फाटकावर लागणाऱ्या पाटीवर खाली माझं नाव कुठे येईल, हेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं. तुमचं पत्र जसंच्या तसं गेलं असतं तर ती पाटी गेली असती. एजंटाला बंगला हवा होता, मला पाटी हवी होती. दोघांचीही नजर त्याच पायावर होती.

शनिवारची ती मॅच आपण शाळेच्या हॉलमध्ये टीव्हीवर लावली होती. नितीन उडी मारून खाली आला. आसपास कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नव्हता. तो नुसता उतरला आणि गुडघा बाजूला गेला. पोरांना वाटलं फाऊल आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या, समोरच्या संघाला शिव्या घातल्या. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे होतात. मी वळून पाहिलं तर तुम्ही नव्हतात. बाहेर नळापाशी सापडलात. पाणी वाहत होतं आणि तुम्ही पीत नव्हता.

"बाई, पत्र पोचलं नसंल का?"

मी म्हटलं, "पोस्टाचं काय सांगावं."

पाच शब्दसुद्धा नाहीत. गेली नऊ वर्षं मला त्या नळाचा आवाज येतो.

एक ऑपरेशन क्लबाने केलं. मग करार संपला. एजंटाने नंबर बदलला. केंद्र झालं नाही. मी निवृत्त झाले, पण तुम्ही पत्रं घेऊन घरी येतच राहिलात. फक्त एक नवीन सुरू केलंत. सही करायच्या आधी म्हणायचे, "बाई, जरा मराठीत वाचून दावा." मला वाटलं, वयाबरोबर माणूस सावध होतो. मी वाचायची, तुम्ही मान हलवायचे, कधी म्हणायचे, "हे लय गोड झालं, जरा तिखट करा." मी करायची. त्यापुढे तुमचं एकही वाक्य मी मऊ केलेलं नाही, कारण तुम्ही करू दिलं नाहीत.

आता इशानबद्दल.

तो सोळाचा झाला. इंग्लंडमध्ये एका मोठ्या क्लबाच्या अकादमीत आहे हे तुम्हाला माहीतच होतं, तुम्ही ते तुमच्या शिळफाट्याच्या सगळ्या दुकानदारांना सांगून ठेवलं होतं. त्याहून मोठ्या क्लबाला तो हवा होता. मध्ये एक एजंट. माझ्या मुलाला, शेखरला, तो 'माय फ्रेंड' म्हणतो, घरी येऊन जेवतो, मीराला टेडी आणतो. रविवारी एक चाचणी सामना, त्यानंतर शेखरची सही, असं ठरलं होतं. आणि एका दुपारी इशानचा फोन आला. आजी, नडगी दुखते. आधी खेळल्यावर दुखायची, आता जिने चढताना दुखते. मी गोळी घेऊन खेळतो. एजंट म्हणाला, थोडं सगळ्यांचंच दुखतं, सहीपर्यंत कुणाला बोलू नकोस. बाबांना सांगू नकोस, आजी. प्रॉमिस?

मी म्हटलं, प्रॉमिस.

त्यानंतर मला भीतीने दुसरं काही सुचेना. त्याच्या मॅचचे व्हिडिओ फोनवर येतात, मी ते आवाज बंद करून पाहू लागले. तो उडी मारायचा तिथे डोळे मिटायची. मग मागे घेऊन पुन्हा पाहायची, नीट उतरला का. भाजी चिरताना मध्येच थांबायची. फोन वाजला की आधी घड्याळ पाहायची, तिकडे आता सराव संपला असेल का.

बुधवारी रिक्षा करून तुमच्याकडे शिळफाट्याला आले. तुम्ही खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी. "आपला इंग्लंडचा डावखुरा काय म्हनतो?" मी सगळं सांगितलं. तुम्ही बोलायला नळी काढलीत आणि आतून तुमच्या पत्नी, आमच्या भाभी, ओरडल्या, "नळी लावा आधी, मंग भाषण!"

"बापाला सांगितलं का, बाई?"

"वचन दिलंय."

"कुनाला? सोळा वर्साच्या पोराला?"

"त्याने विश्वासाने सांगितलं, सर."

"मंग मला कशाला सांगितलंत?"

तुम्ही नळी परत लावलीत, धाप खाली बसू दिलीत आणि म्हणालात, "आजच फोन करा. साधं बोला. गोड नका बोलू." आणि खिडकीकडे पाहिलंत.

त्याच वेळी नऊ वर्षांपूर्वीचं सांगावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात भाभी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायले. "पुढच्या बुधवारी येते," म्हटलं. तुम्ही म्हणालात, "या."

मी त्या दिवशी फोन केला नाही. गुरुवारीही नाही. का, ते लिहायला लाज वाटते. मी मसुदा करत होते. शेखरला काय लिहायचं त्याचे तीन कागद केले. पहिल्यात 'इशानच्या पायाला दुखापत आहे' असं होतं. तिसऱ्यात 'इशानला थोडा थकवा जाणवतो असे वाटते' इथपर्यंत आले होते. शुक्रवारी सकाळी भाभींचा फोन आला.

दफन झालं तेव्हा मी घरी भाभींजवळ बसले होते. पुरुष परत आले. नितीन आला, पँटला माती, आणि पायरीवर एक पाय सरळ करून बसला. तो हल्ली नेरळला एका मोठ्या सोसायटीतलं टर्फचं मैदान सांभाळतो, बुकिंग घेतो, लहान पोरांना शिकवतो. मी त्याच्याशेजारी बसले.

"खांदा दिलास?"

"दिला तर. पोरं म्हनत व्हती तू नको, तुझा गुडघा. म्हनलं, गुडघा गेला रं, खांदा हाय ना अजून."

मी म्हटलं, "नितीन, तेव्हाचं ते पत्र..."

"माहिताय, बाई."

"काय माहीत आहे?"

"क्लबानं सोडताना कागद दिले सगळे. त्यात व्हतं. मी सरांना नेऊन दिलं. त्यांच्या भाच्यानं वाचून दावलं."

"सर काय म्हणाले?"

तो गुडघा चोळत राहिला. "म्हनले, बाईंना कुनी काय बोलायचं नाय. म्हनले, बाई चुकल्या. पन खाली सही माझी हाय, मी वाचून घ्यायला पायजे व्हतं."

"आणि तू?"

"मी दीड वर्स तुमच्याशी बोललो नाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमाला कळलं पन नाय, बाई."

खरंच कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, कामात असेल.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आठ वर्षं. तरी दर महिन्याला माझ्या ओट्यावर येऊन बसत होता, माझ्या हातचे पोहे खात होता, "मराठीत वाचून दावा" म्हणत होता. ती क्षमा होती की पहारा, मला सांगता येत नाही. दोन्ही असावं. मी तुमची ऋणी आहे, सर. आणि तुमच्यावर रागावलेही आहे. तुम्ही त्याच वेळी येऊन माझ्यावर ओरडला असतात, तर मला तुमच्या तोंडावर माफी मागता आली असती. तुमच्या चांगुलपणाने माझी तेवढी सोय काढून घेतली. आज मागते आहे, तर समोर कुणी नाही.

शनिवारी दुपारी शेखरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. समोर कागद घेतला नाही.

"इशानची नडगी दुखते आहे. तो गोळ्या घेऊन खेळतो. तुझ्या एजंटाला हे माहीत आहे."

"त्यानं तुला सांगितलं? मला नाही?"

"मला सांगितलं. उद्या खेळवू नकोस."

"आई, उद्यासाठी ती माणसं मुद्दाम येतायत. तुला कल्पना नाही हे किती मोठं आहे. ही संधी परत येत नसते."

"नसेल येत."

"एजंट म्हणतो, या वयात असं..."

"त्या दलालाला मला फोन करायला सांग. मी बोलते त्याच्याशी."

शेखरने माझ्या तोंडून असा शब्द कधी ऐकला नसेल. पलीकडे जिन्यावर पावलं वाजली आणि इशानचा आवाज आला, "आजी, यू प्रॉमिस्ड." मग दार आपटलं.

तेव्हापासून आठ दिवस मी काय करते आहे ते तुम्हालाच सांगू शकते. मी घाबरून बसले आहे. गुरुवारी त्याच्या पायाचं स्कॅनिंग झालं. पायात काही निघालं नाही तर? मग मी एका मुलाची आयुष्यातली मोठी संधी घालवली आणि तो मुलगाही घालवला. आणि निघालं तर? पोथी उघडून बसले, पण काय मागायचं तेच ठरेना. कुठली आजी नातवाच्या पायात दोष निघावा म्हणून हात जोडते? माझे हात मध्येच सुटायचे. भाभींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं ना बाई? बस. आता अल्लाला त्याचं काम करू द्या."

हे लिहीत असतानाच शेखरचा फोन आला. आवाज थकलेला होता. त्याने नीट, एकेक करून सांगितलं आणि मी नेहमीच्या सवयीने लिहून घेतलं. तसंच इथे उतरवते, एक शब्दही न बदलता.

नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाले, रविवारी उतरला असता तर हाड मैदानातच तुटलं असतं कदाचित. चार महिने खेळ बंद. नवा क्लब थांबायला तयार नाही. एजंट फोन उचलत नाही. जुना क्लब त्याला ठेवेल की नाही, ते उन्हाळ्यात कळेल. इशान खोलीतून फारसा बाहेर येत नाही, आणि माझ्याशी बोलणार नाही म्हणतो.

हाड तुटलेलं नाही.